फाटक ते पोर्च : 38 फुटांची गोष्ट

घर बांधलं तेव्हा आतल्या फरशीचा रंग ठरवायला आम्ही तीन रविवार घालवले. फाटकापासून पोर्चपर्यंत गाडी जायचा रस्ता मात्र पंधरा मिनिटांत ठरला. "मुरूम टाकून पेव्हर ब्लॉक घालूंत की सर, चार दिवसांचं काम," कंत्राटदार म्हणाला. मी मान डोलावली. माझा प्लॉट बेळगावच्या दक्षिणेला, येळ्ळूरच्या बाजूला. गच्चीवरून राजहंसगड दिसतो. घर होण्याआधी तिथं भात पिकायचा, बेळगाव बासमतीची काळी कसदार माती. पायताण रुतलं की निघत नाही असली. पस्तीस वर्षं हायस्कूलात विज्ञान शिकवलं, पण आपण चिखलावर रस्ता घालतोय हे काही डोक्यात आलं नाही.

पहिला पावसाळा ब्लॉकांनी काढला. दुसऱ्या वर्षी चाकांच्या दोन रेषा खाली बसल्या आणि मधला पट्टा मांजराच्या पाठीसारखा वर आला. गाडी आत आली की ब्लॉक खडखड वाजायचे. आमच्या हिला स्वयंपाकघरात बसून कळायचं, मी आलो की शेजारच्यांचा मुलगा स्कूटर फिरवतोय. एप्रिलात कडेच्या मातीला भेगा पडल्या, त्यात सायकलचा स्पोक पूर्ण आत जायचा. जूनमध्ये त्याच भेगांतून पाणी थेट ब्लॉकांखाली. चार वर्षांत दोनदा ब्लॉक उपसून परत बसवले. दोन्ही वेळा मेस्त्री म्हणाला, "आता काय होत नाही बघा."

बहिणीचा मुलगा कॅनडात, विनिपेगला असतो. घरांसमोरचे काँक्रीटचे ड्राइव्ह-वे करणाऱ्या ठेकेदाराकडे कामाला आहे. दिवाळीत फोनवर त्याला सहज अंगण दाखवलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मामा, ही माती तर आमच्याकडचीच वाटते." मला वाटलं चेष्टा करतोय. पण खरंच तसं आहे. विनिपेग ज्या मैदानावर वसलंय तिथं हिमयुगाच्या शेवटी अगॅसिझ नावाचं प्रचंड सरोवर होतं. त्याच्या तळाशी साचलेला चिकट गाळ म्हणजे आजची तिथली जमीन. लोक तिला 'गंबो' म्हणतात. पाणी पिऊन फुगते, वाळली की आक्रसते. आपल्या काळ्या मातीची थंड देशातली मावसबहीणच म्हणायची.

वर त्यांना थंडीचा छळ वेगळाच. हिवाळ्यात पारा उणे 30 च्या खाली जातो. पाण्याचं बर्फ होताना आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढतं, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आलो. पण काँक्रीटच्या बारीक छिद्रांतलं पाणी गोठलं की ते आतून फोडतं, आणि जमिनीतल्या पाण्याच्या बर्फाच्या चकत्या होऊन त्या अख्खा स्लॅब वर उचलतात, हे त्याच्याकडून कळलं. वसंतात बर्फ वितळलं की खालची जमीन लापशीसारखी होते आणि उचललेला स्लॅब एका कोपऱ्याने खचतो. तो म्हणाला, "तुमच्याकडं बर्फ नाही, पण काम तेच चाललंय. फक्त बर्फाच्या जागी माती फुगते. वर काय घालायचं ते नंतर बघू. खालचं पाणी जाणार कुठं ते आधी सांगा."

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. त्यानंतर महिनाभर मी त्या एका प्रश्नाचीच चाकरी केली.

ओळखीच्या एका इंजिनिअरनं सांगितलं, काळी माती निदान दोन फूट काढा आणि न फुगणारा मुरूम भरा. आयआयटी मुंबईच्या आर. के. कट्टींनी काळ्या मातीतल्या कालव्यांसाठी हेच सुचवलं होतं: फुगणाऱ्या मातीवर चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा थर घालायचा, म्हणजे खालची फुगोटी दबते. आता मुरूम न फुगणारा आहे हे कसं ओळखायचं? ट्रॉलीवाला तर प्रत्येक मुरमाला "एक नंबर" म्हणतो. इथं मास्तरकी कामाला आली. शाळेतून 100 मिलिलिटरचे चार मोजपात्र सिलिंडर मागून आणले. माती वाळवून, कुटून मैद्याच्या चाळणीनं चाळली (ती चाळण पुन्हा स्वयंपाकघरात गेली नाही, नवी आणून द्यावी लागली). दहा-दहा ग्रॅम माती एका सिलिंडरात पाण्यात, दुसऱ्यात रॉकेलमध्ये. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून ती तुलनेला. चोवीस तासांनी बघायचं. माझ्या अंगणातली माती रॉकेलमध्ये 10 मिलिलिटरवर, पाण्यात 17 वर. पहिल्या ट्रॉलीवाल्याचा मुरूम पाण्यात 13, म्हणजे त्यात काळी मिसळलेली. खानापूरकडून आणलेला तांबडा मुरूम दोन्हींत जवळपास सारखा. तोच घेतला. ट्रॉलीवाला सिलिंडरांकडं बघून म्हणाला, "सर, रस्ता करताय का औषध?"

38 बाय 11 फुटांचा पट्टा दोन फूट खोल खणायचा म्हणजे सव्वाआठ ब्रासच्या वर माती (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), आणि सुटी झाली की ती आणखी फुलते. जेसीबीनं एका दुपारीत काढली. ती एका शेतकऱ्यानं हसत हसत नेली, भाडंही त्यानंच दिलं. त्या दिवसापुरता तो एकच माणूस माझ्यावर खूश होता.

खड्डा झाल्यावर भाच्यानं परत अडवलं. चिकणमातीत खड्डा खणून त्यात मुरूम-खडी भरली तर तो न्हाणीतला हौदच की. चारी बाजूंनी पाणी आत झिरपणार आणि बाहेर पडायला वाट नाही. हे इंजिनिअरनंही सांगितलं नव्हतं. म्हणून खड्ड्याचा तळ एका कडेला उतरता केला. त्या कडेनं भोकं पाडलेला 4 इंची पीव्हीसी पाइप जिओटेक्स्टाइल कापडात (पाणी जाऊ देतं, माती अडवतं) गुंडाळून खडीत पुरला आणि घराच्या बाजूनं मागच्या शेताच्या चरीत सोडला. तो चर पुढं बळ्ळारी नाल्याच्या दिशेनं जातो. नाला तुंबला की चरही भरतो हे मला माहीत आहे, पण तेवढं माझ्या हातात नाही.

मुरूम तीन थरांत. प्रत्येक थरावर पाणी मारून दुसऱ्या दिवशी मशीननं धुमस. पाणी किती? मुठीत दाबला तर लाडू वळावा आणि हाताला पाणी लागू नये. कामगार एकदम अख्खा खड्डा भरून वरून धुमस करायला निघाले होते. तसं केलं तर वरचे सहा इंच दगड होतात आणि खाली पोकळ. मुरमावर 4 इंच खडी आणि कच, मग 5 इंच काँक्रीट. एकूण खर्चाचा निम्म्याहून जास्त भाग असा डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी गेला. याबद्दल घरात जे बोलणं झालं ते इथं लिहीत नाही.

ढाळाची अडचण वेगळी. समोरचा रस्ता दहा वर्षांत दोनदा उंच झाला. आता तो पोर्चपेक्षा सात इंच वर आहे, म्हणजे रस्त्याचं पाणी घरातच येणार. बेळगावात निम्म्या जुन्या घरांचं हेच रडगाणं. मग पाणी घराकडं येऊच द्यायचं नाही असा विचार सोडला आणि आडवा ढाळ दिला: 11 फुटांच्या रुंदीत अडीच इंच. शिवाय पोर्चच्या चार फूट अलीकडं आडवी गटार, वर लोखंडी जाळी. पाण्याची पारदर्शक नळी धरून मी आणि मेस्त्रीनं दोन संध्याकाळी लेव्हल काढल्या. तो कन्नड-मराठी मिसळून बोलतो, मीही तसाच. आकडे मात्र दोघांचे मराठीत.

काँक्रीट संक्रांत झाल्यावर घातलं. वळीव पडायच्या आत सगळं मुरायला हवं होतं. आमच्याकडं जानेवारीतली पहाट गार असते. विनिपेगच्या मानानं ती थंडी म्हणजे लाड, पण कोरडा वारा काँक्रीटचं पाणी पटकन ओढतो. सिमेंट, वाळू, खडीचं प्रमाण 1:1.5:3, म्हणजे एम-20, 20 मेगापास्कल ताकदीचं. भाचा म्हणत होता की तिकडं अशा कामाला 32 मेगापास्कल लागतं, वर काँक्रीटमध्ये 5 ते 8 टक्के बारीक हवेचे बुडबुडे मुद्दाम धरून ठेवायचं रसायन. गोठणाऱ्या पाण्याला पसरायला ती रिकामी जागा. आपल्याकडं बर्फच नाही. हवा भरून उगाच ताकद घालवायची कशाला? ते घेतलं नाही. त्याचा दुसरा हट्ट मात्र जसाच्या तसा घेतला: पाणी मोजून. सिमेंटच्या एका पोत्याला 25 लिटर, वाळू ओली असेल तर त्याहून कमी.

हे सांगणं सोपं. 40 पोती, एका पोत्याचा मिक्सर, सकाळी सातपासून. मी डब्याला लाल रंगानं खूण केली होती. दहाव्या घाणीपर्यंत ठीक चाललं. मग घमेली ओढणाऱ्यांना माल जड वाटायला लागला आणि मिक्सरवरच्या पोरानं माझी पाठ वळली की पाइप आत सोडायला सुरुवात केली. पातळ माल सरकतो छान, पण जास्तीचं पाणी उडून गेलं की मागं छिद्रं राहतात. तिकडं बर्फ त्यात शिरतं, इथं काँक्रीट कमकुवत आणि धुळकट होतं. मी मिक्सरजवळ खुर्ची टाकून बसलो आणि दिवसभर "नीरु साकू! नीरु साकू!" (पाणी पुरे!) ओरडत राहिलो. पोरगा दर वेळी "हौदु री" (होय जी) म्हणायचा आणि पाइप तसाच हातात ठेवायचा. शेवटी मी पाइपच काढून घेतला. व्हायब्रेटर भाड्यानं आणला होता, म्हणून घट्ट मालही नीट बसला.

दुसरं भांडण वरच्या घोटाईवरून. मेस्त्रीला कोरडं सिमेंट भुरभुरून गुळगुळीत चकचकीत करायचं होतं, त्याची हातोटीच ती. पण वर आलेलं पाणी तसंच असताना घोटलं तर ते पाणी वरच्या कातडीतच अडकतं. थंड देशांत पहिल्याच हिवाळ्यात अशा पृष्ठभागाचे पापुद्रे निघतात. वरचं पाणी जाईपर्यंत थांबलो आणि नव्या खराट्यानं आडव्या रेघा ओढल्या. पावसात चाक घसरत नाही, म्हातारी माणसंही. मेस्त्रीला ते बघवलं नाही. "गोठ्यासारखं दिसतंय सर," म्हणाला.

आता चूक कुठं झाली ते. काँक्रीट आक्रसतं, तडा जाणारच. तो सरळ रेषेत आपण ठरवू तिथं जावा म्हणून काप द्यायचे असतात. माझे 38 फुटांचे साडेनऊ-साडेनऊ फुटांचे चार भाग, काप सव्वा इंच खोल, जाडीच्या पाव. हे दुसऱ्या दिवशी सकाळीच व्हायला हवं. कटरवाला सातला येतो म्हणाला आणि दुपारी तीनला उगवला. तोवर अकरा वाजता तिसऱ्या भागात केसाएवढी रेघ उठली होती, ठरलेल्या कापापासून हातभर लांब, जरा तिरकी. मी तिथंच बसलो. फोटो पाठवला. विनिपेगला तेव्हा मध्यरात्र होत आली होती, तरी उत्तर आलं: "पुढच्या वेळी कटर आधी अंगणात, मग मिक्सर." पुढची वेळ यायची नाही माझ्या आयुष्यात, पण तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून लिहिलं. घराच्या जोत्याला आणि स्लॅबला मध्ये अर्ध्या इंचाची थर्मोकोलची पट्टी ठेवली होती, तिथं काही झालं नाही.

पाणी मारायला मातीचे वाफे करून 14 दिवस भरून ठेवले. सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं होतं, त्याला दहा दिवस तरी लागतातच. राकसकोप धरणाचं पाणी नळाला येईल त्या दिवशी येईल. मागच्या विहिरीवर भागलं. 28 दिवस गाडी गल्लीत ठेवली, शेजाऱ्यांनी रोज विचारलं.

पहिल्या जुलैत आठ दिवस संततधार लागली. चौथ्या दिवशी छत्री घेऊन मागं गेलो तर पुरलेल्या पाइपातून बोटाएवढी धार चरीत पडत होती. ती धार हिलाही बोलावून दाखवली. एप्रिलात कडेची काळी माती नेहमीसारखी आक्रसली आणि स्लॅबपासून अर्धा इंच सुटली. स्लॅब जागेवर होता. त्या फटीतून पहिल्या वळवाचं पाणी खाली जाऊ नये म्हणून आता दरवर्षी गुढीपाडव्यानंतर तिथं मुरूम ठासतो आणि केसाएवढ्या रेघेवर पट्टी ठेवून मापतो. दोन वर्षांत वाढलेली नाही.

भाच्यानं गेल्या डिसेंबरात फावड्यानं बर्फ ओढतानाचा फोटो पाठवला. तो राहतो त्या भाड्याच्या घरापुढचा ड्राइव्ह-वे मधोमध फुटून उचललाय. घरमालक बर्फ वितळवायला पोतंभर मीठ ओततो, त्यानं वरचे पापुद्रेही निघालेत. "तुम्ही बोला त्याच्याशी, मामा," म्हणतो. "माझं ऐकत नाही."