कबुतर चालेल, खोटी कमांड नको

तांत्रिक मंडळींच्या गंभीर चर्चेत वात्रटपणा नको, असं म्हणणाऱ्यांनी एकदा आरएफसी ११४९ वाचावा. (आरएफसी म्हणजे इंटरनेट कसं चालावं ते मांडणारे क्रमांकित दस्तऐवज.) १ एप्रिल १९९० चा हा दस्तऐवज कबुतरांमार्फत आयपी पॅकेट, म्हणजे इंटरनेटवरून जाणारा माहितीचा एक तुकडा, कसं पाठवायचं ते सांगतो. पॅकेट हेक्साडेसिमलमध्ये कागदाच्या पट्टीवर छापा, पट्टी कबुतराच्या एका पायाला गुंडाळा, कडा चिकटपट्टीने बंद करा. एमटीयू, म्हणजे एका खेपेत मावणाऱ्या पॅकेटची कमाल मर्यादा, साधारण २५६ मिलिग्रॅम आणि कबुतराचं वय वाढेल तशी ती वाढते! २००१ साली नॉर्वेतल्या बर्गनच्या लिनक्स गटाने हे खरंच करून पाहिलं: ९ पॅकेट गेली, ४ उत्तरं आली, सगळ्यात चपळ उत्तराला सुमारे ५३ मिनिटं लागली.

यातला शब्द न् शब्द खऱ्या मसुद्याच्या शिस्तीत आहे, म्हणूनच तो हसवतो. एमटीयू, पॅकेट लॉस (वाटेत हरवलेली पॅकेट), लेटन्सी (पोचायला लागणारा वेळ) या संकल्पना नीट कळल्याशिवाय असं लिहिता येत नाही. २००३ चा ‘ईव्हल बिट’ हा असाच आरएफसी तर चक्क टीका आहे: हल्लेखोराने आयपी हेडरमधला (पॅकेटच्या सुरुवातीच्या माहितीतला) रिकामा बिट प्रामाणिकपणे १ करावा, म्हणजे घातक पॅकेट अडवणाऱ्या फायरवॉलचं काम सोपं! पॅकेटकडे नुसतं बघून हेतू ओळखू पाहणाऱ्यांना लगावलेली ही चपराक कुठल्याही लांबलचक लेखापेक्षा जास्त झोंबते.

असा विनोद हवाच. पण अडलेल्या माणसाला द्यायच्या उत्तरात तो घालू नये.

‘डिस्कवर जागा नाही’ म्हणणाऱ्याला गमतीने मूळ डिरेक्टरी, म्हणजे डिस्कवरचं सगळंच, उडवणारी आरएम ही लिनक्समधली फाइली पुसायची कमांड सुचवणारे अजून भेटतात. वर म्हणतात, आता ती चालतच नाही. अर्धसत्य आहे. लिनक्सवर सहसा असणारी जीएनयूची आरएम नुसता स्लॅश, म्हणजे मूळ डिरेक्टरीची खूण, दिला तर नकार देते, कारण ती डिरेक्टरी वाचवणारा ‘प्रिझर्व्ह-रूट’ पर्याय आपोआप लागू असतो. पण स्लॅशपुढे स्टार (*, म्हणजे ‘आतलं सगळं’) लावला की शेल, म्हणजे आपण टाइप केलेली कमांड वाचणारा प्रोग्राम, आधीच त्याचा विस्तार करून एकेका फोल्डरचं नाव आरएमच्या हातात देतं. मूळ स्लॅश तिला दिसतच नाही, मग ती अडवणार काय? शिवाय ज्याला हा विनोद कळतो त्याला उत्तराची गरज नसते आणि ज्याला गरज असते त्याला विनोद कळत नाही.

१ एप्रिलच्या तारखेवर किंवा स्मायलीवर भिस्त ठेवू नका. मजकूर कॉपी झाला की दोन्ही गळून पडतात. २०२४ मध्ये गूगलच्या एआय सारांशाने पिझ्झाच्या सॉसमध्ये गोंद घालायला सांगितलं, ते कुणाच्या तरी जुन्या थट्टेवरून. कमांडची थट्टा करायचीच असेल तर ती मुळात चालणारच नाही अशी लिहा.

एरर मेसेजमध्येही आधी कारण, मग फाइलचं नाव, आणि जागा उरलीच तर शाब्दिक कोटी. रात्री लॉग (प्रोग्रामने लिहिलेल्या नोंदी) चाळणारा माणूस शब्द शोधत असतो.

आणि ४१८, म्हणजे १९९८ च्या आरएफसीतला ‘मी चहाची किटली आहे’ हा वेब सर्व्हरने उत्तरात द्यायचा कोड? २०२२ च्या आरएफसी ९११० मध्ये तो ‘न वापरलेला’ म्हणून राखून ठेवलाय, कारण थट्टा म्हणून तो इतक्या ठिकाणी पसरला की दुसऱ्या कामाला देणंच अवघड झालं. बॉट (आपोआप विनंत्या पाठवणारे प्रोग्राम) हाकलायला काहीजण तो वापरतात. अनोळखी ४-मालिकेतला (४ ने सुरू होणारा) कोड क्लायंटने, म्हणजे विनंती करणाऱ्या प्रोग्रामने, ४०० (‘विनंतीच चुकीची’) सारखाच धरायचा असतो, त्यामुळे सहसा बिघडत नाही. पण विनंत्यांचा वेग आवरायचा असेल तर ‘फार विनंत्या झाल्या’ सांगणारा ४२९ द्या आणि सोबत ‘रिट्राय-आफ्टर’ हेडर जोडा. किती वेळ थांबायचं हे किटलीकडून कळत नाही.