मामा, स्क्रीनवर काय दिसतंय ते जरा वाचून दाखवा

मी फ्रंटएंडचं, म्हणजे ॲपच्या समोर दिसणाऱ्या स्क्रीनचं काम करतो, जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात घरी बसून, म्हणजे दिवसभर बटनं इकडची तिकडे करायची. त्यामुळे आता जे सुरू झालंय ना, की ॲपची स्क्रीन आधी बनवून ठेवायचीच नाही, माणसाने विचारलं की एआय तिथल्या तिथे बनवून देईल, ते मी जरा डोळे उघडे ठेवूनच बघतोय. पोटाचा प्रश्न आहे शेवटी.

आणि हे नुसत्या गप्पांवर राहिलेलं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने 'इमॅजिन विथ क्लॉड' नावाचा प्रयोग काही दिवसांसाठी खुला केला, त्यात तुम्ही क्लिक केलं की पुढची विंडो मॉडेल, म्हणजे आतला एआयच, त्याच क्षणी बनवायचं, आधी लिहिलेलं काहीच नाही. नोव्हेंबरमध्ये गुगलने आपल्या जेमिनी ३ या एआयसोबत डायनॅमिक व्ह्यू आणला, उत्तर म्हणून परिच्छेद न देता त्या प्रश्नापुरतं छोटं ॲपच समोर ठेवायचं. आतमध्ये दोन तऱ्हा आहेत. एकतर मॉडेल सगळा कोड स्वतः लिहितं, यात काहीही बनू शकतं पण वेळ लागतो आणि कधी काय मोडेल सांगता येत नाही. नाहीतर कंपनीने टेबल, नकाशा, बटन असे तुकडे तयार ठेवायचे आणि कुठला कुठे लावायचा एवढंच मॉडेलने सांगायचं. कंपन्या ही दुसरीच धरतील असं मला वाटतं, निदान लोगोचा रंग तरी जागेवर राहील.

परवा आबांसाठी एका एआयला केळीचं विचारलं, मृगबागेतली कापणी आत्ता करावी की थोडं थांबावं. त्याने एक छान पान बनवलं, भाव सरकवायची पट्टी, घडाच्या वजनाची पट्टी, खाली एकूण रक्कम. आबा एरवी मोबाईलला लांबूनच बघतात, पण बोटाने पट्टी मागेपुढे करत बसले, क्विंटलला इतका भाव पडला तर किती, घड हलके भरले तर किती, चहा गार झाला तरी सोडेनात. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न विचारला तर पट्ट्या गायब, नुसते तीन चौकोन आणि त्यात आकडे. आबा म्हणे, "कालनं दखाड ना रे." आता कालचं कुठून आणू?

गोम इथेच आहे. आमच्याकडे माणसं ॲप शिकतात ती एकमेकांकडून, बहुतेक तर फोनवरच. ई-पीक पाहणीचा, म्हणजे सरकारी ॲपवर पीक नोंदवायचा हंगाम आला की मामा बांधावर उभे राहून फोन लावतात आणि मी इथून सांगतो, मामा खाली या, अजून खाली, आता गट नंबर निवडा, आता फोटो काढा. हे जमतं कारण माझ्या डोक्यातली स्क्रीन आणि त्यांच्या हातातली स्क्रीन एकच असते. नवीन व्हर्जन आलं तरी गावभर चार दिवस गोंधळ असतो. उद्या प्रत्येकाची स्क्रीन वेगळी झाली तर "आठे तं काहीच नही शे रे भाऊ" म्हणतील आणि ते खरंच बोलत असतील!

स्क्रीनने आपोआप बदलायची ही काही पहिली वेळ नाही. ऑफिस २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने असे मेनू दिले होते की तुम्ही जे फारसं वापरत नाही ते तुमच्या सवयीप्रमाणे लपायचं, लोक रोजचीच कमांड शोधत बसायचे, शेवटी २००७ ला रिबन, म्हणजे वरची बटनांची पट्टी आणली जी जागेवर राहते. तेव्हा तर फक्त काही कमांड लपत होत्या, आता अख्खी स्क्रीनच दरवेळी नवी.

टेस्टिंगवाल्यांची तर मला आत्ताच दया येते, कारण बग, म्हणजे ॲपमधली चूक म्हणून स्क्रीनशॉट येईल तो अशा पानाचा जे परत कधी बनणारच नाही.

तरी आबांची ती पट्टी मी विसरू शकत नाही, तसं पान मी किंवा कुठल्याच कंपनीने एका शेतकऱ्यासाठी कधी बनवलं नसतं. म्हणून भाव, हिशोब, तुलना यात एआयने रोज नवा अवतार घेतला तरी माझी हरकत नाही. पण जिथे पैसे जातात, अंगठा लागतो, विम्याचा फॉर्म भरला जातो ती स्क्रीन दगडासारखी एका जागी पाहिजे. आणि हो, नव्या अवतारातही 'कालचं उघडा' असं एक बटन द्या, आणि ते बटन तरी मेहरबानी करून रोज एकाच कोपऱ्यात ठेवा.