व्हॅरम पर्सी : गाव गेलं, चर्च राहिलं

इंग्लंडमधल्या यॉर्कशर भागात मॉल्टनपासून साधारण दहा किलोमीटरवर व्हॅरम पर्सी हे ओसाड पडलेलं मध्ययुगीन गाव आहे. मॉल्टनपर्यंत रेल्वे आहे, पुढे गाडी हवी. पार्किंगपासून चर्चपर्यंत सव्वा किलोमीटर पायी उतरायचं. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, त्यामुळे आमचे बूट घोट्यापर्यंत चिखलात गेले. चांगली पकड असलेले बूट घालूनच जा. वाटेत गुरं चरत असतात, कुत्रा सोबत असेल तर त्याला पट्टा लावा. प्रवेश मोफत आहे.

दरीत उतरलं की सेंट मार्टिनचं चर्च समोर येतं. डोक्यावर छप्पर नाही आणि मनोरा उभा चिरल्यासारखा अर्धाच उरलाय. बाकीचा 1959 मध्ये कोसळला. बहुतेक जण मनोऱ्याचे फोटो काढून परततात. तुम्ही मात्र दक्षिणेच्या भिंतीला बाहेरून वळसा घाला, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे.

त्या भिंतीत दगडांनी बुजवलेल्या कमानी दिसतात. बाराव्या शतकात वस्ती वाढली, चर्चमध्ये माणसं मावेनात, तेव्हा भिंत फोडून कमानी काढल्या आणि पलीकडे जास्तीचं दालन बांधलं. पुढे उत्तरेलाही तसंच केलं. मग माणसं कमी झाली. दालनं पाडली, कमानी चिणल्या आणि चिणलेल्या भागातच खिडक्या बसवल्या. कमानीचा घडीव दगड आणि भरावाचा ओबडधोबड दगड यांच्या सांध्यावरून मी बोट फिरवत गेलो. गाव भरलं कधी आणि रिकामं झालं कधी, ते त्या सांध्यात कळतं. मला तिथून हलवेना.

प्लेगनं गाव संपलं असं अनेकांना वाटतं. प्लेगनं माणसं मेली, पण गाव तगलं. पुढे जमीनदारांना शेतीपेक्षा मेंढ्यांच्या लोकरीत जास्त पैसा दिसू लागला आणि 1500 च्या आसपास उरलीसुरली कुटुंबंही हलवली गेली. चर्च तरीही चालू राहिलं, कारण आसपासच्या वस्त्या याच पॅरिशमध्ये, म्हणजे याच चर्चच्या हद्दीत होत्या. 1870 मध्ये जवळच्या थिक्सनडेल गावाला स्वतःचं चर्च मिळालं, तेव्हा इथली वर्दळ आणखी घटली.

इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांनी 1950 ते 1990 अशी चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात इथे उत्खनन केलं. चर्चच्या आवारात जवळपास 700 जणांचे सांगाडे मिळाले. ते वाचून गेलात तर आवारातल्या गवतावर पाऊल आपोआप हलकं पडतं.

चर्च पाहून झालं की वरच्या पठारावर नक्की चढा. जुन्या घरांच्या जागा गवताखाली उंचवट्यांसारख्या दिसतात. भर दुपारी त्या नीट कळत नाहीत, ऊन तिरपं झालं की सावल्यांमुळे एकेक घर उमटतं. म्हणून दुपार कलतानाच पोहोचा, पण अंधारापूर्वी निघा. परतीची वाट सगळी चढाची आहे, पाणी जवळ असू द्या.