आईचं वैद्यकीय इच्छापत्र

बाबा शेवटी एकोणीस दिवस अतिदक्षता विभागात होते, त्यातले अकरा व्हेंटिलेटरवर. "पुढे काय करायचं ते घरच्यांनी ठरवा," डॉक्टर म्हणाले. मी दादाकडे पाहिलं, दादानं आईकडे, आईनं खाली फरशीकडे. बाबांना काय हवं होतं, तिघांपैकी कोणालाच सांगता येईना. बावन्न वर्षांचा संसार, पण हा विषय कधी निघालाच नव्हता. वास्तू तथास्तु म्हणते, असं मानणारं आमचं घर.

वर्षश्राद्ध झाल्यावर मी आईपाशी विषय काढला. ब्याऐंशी वर्षांची आई भरल्या ताटावरून उठली. "मला घालवायची एवढी घाई झालीय का?" त्यानंतर सहा महिने मी त्यावर चकार शब्द काढला नाही.

त्या सहा महिन्यांत एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. मी मरणाबद्दल विचारत होते आणि आई अंथरुणाला घाबरत होती. आजी चार वर्षं पडून होती, तिचं सगळं आईनं केलं. म्हातारपण म्हणजे दुसऱ्याच्या हातात जाणं, हे तिच्या मनात तेव्हापासून पक्कं बसलंय. ज्याची लाज वाटते त्याची तयारी कोण करणार?

म्हणून मी स्वतःचंच वैद्यकीय इच्छापत्र लिहायला घेतलं, म्हणजे स्वतःला सांगता येईनासं झालं तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवणं. मी सत्तावन्न वर्षांची, लग्न केलेलं नाही. आई समोर मटार सोलत होती. "काय लिहितेस?" मी सांगत गेले. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये असं इच्छापत्र मान्य केलं. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. जानेवारी २०२३ मध्ये नियम सोपे झाले, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. तरी वेळ आली तर डॉक्टरांची दोन मंडळं तपासून पाहतात, कोणी एकट्यानं ठरवत नाही. आईला मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग आठवल्या. १९७३ मधल्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये जाईपर्यंत, बेचाळीस वर्षं तशाच पडून. "त्या पोरीला कोणी विचारूच शकलं नाही," ती म्हणाली.

मग तिनं कागद ओढून घेतला. माझ्या वतीनं बोलणाऱ्या माणसाच्या नावाची ओळ कोरी होती. तिथे मटाराच्या हिरव्या डागाचं बोट टेकून तिनं विचारलं, "आणि तुझं कोण बघणार गं?"

मला उत्तर देता आलं नाही. बराच वेळ ती नुसतीच शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "आधी माझं लिही. बरं होण्यासारखं नसेल तर नळ्या नकोत. घरी आणा. पण दुखू देऊ नका."

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दोनदा वेळ देऊन मजकूर नीट करून दिला. 'दुखू देऊ नका' हे त्यांनी मुद्दाम स्वतंत्र कलम म्हणून घातलं. कृत्रिम श्वास थांबवला तरी वेदनाशामक आणि शुश्रूषा थांबत नाही, हे आईला दोनदा समजावलं. तेव्हा कुठे तिचा चेहरा सैल झाला. निर्णय कळवायला दादाचं आणि माझं, अशी दोन्ही नावं घातली. साक्षीला शेजारचे काका-काकू आले. नोटरीकडे अर्धा तास लागला. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. तिथे कोणत्या टेबलावर घेतात हे कोणालाच माहीत नव्हतं. तीन फेऱ्या झाल्या, पण पोच घेऊनच आले.

बँकेचंही त्याच आठवड्यात उरकलं. मला वाटायचं, आईच्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार देणारं कुलमुखत्यारपत्र केलं की झालं. वकिलांनी सांगितलं, देणाऱ्याचं भान हरपलं की ते कायद्यानं संपतं, म्हणजे नेमकं हवं तेव्हाच उपयोगी पडत नाही. आईचं खातं दोघांपैकी कोणालाही चालवता येईल असं संयुक्त करून घेतलं.

रात्रीसाठी बाई ठेवायला मात्र आई अजून तयार नाही. "उठता येतंय तोवर नको." मीही ताणलं नाही. मजकूर बदलायचा झाला तर कधीही बदलता येतो, हे तिनं वकिलांकडून स्वतः वदवून घेतलंय.

माझा कागद अजून तसाच आहे. परवा त्या ओळीवर पेन्सिलीनं भाचीचं नाव लिहिलं. तिला अजून विचारलेलं नाही. गणपतीला येणार आहे ती.