डीव्हीआरचा पासवर्ड कुणालाच आठवत नसतो तेव्हा

सोसायटीत चोरी झाली आणि पोलीस तपासाला आले की डीव्हीआरसमोर, म्हणजे सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्रासमोर, ठरलेला प्रकार होतो. लाइव्ह दिसतं, पण प्लेबॅक दाबलं की पासवर्ड मागतो. सेक्रेटरी वॉचमनकडे बोट दाखवतो, वॉचमन म्हणतो कॅमेरे बसवणाऱ्यालाच माहीत. मग कुणीतरी विचारतं, "साहेब, रिसेट मारू का?" तिथेच ठाम नाही म्हणा.

साध्या डीव्हीआरमध्ये बहुतेक वेळा कुलूप मेनूला असतं, डिस्कवरचं रेकॉर्डिंग एन्क्रिप्ट (सांकेतिक रूपात कुलूपबंद) केलेलं नसतं. त्यामुळे पासवर्ड न मिळाल्याने फुटेज जात नाही. ते जातं ओव्हरराइटमुळे, म्हणजे जुन्यावर नवं लिहिलं गेल्यामुळे. २ एमबीपीएसने (सेकंदाला २ मेगाबिट) रेकॉर्ड करणारा एक कॅमेरा दिवसाला साधारण २१.६ जीबी खातो. चार कॅमेरे म्हणजे ८६ जीबी, आणि १ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरून पुन्हा सुरुवातीपासून लिहायला लागते. गुन्हा दहा दिवसांपूर्वीचा असेल तर पासवर्डच्या शोधात घालवलेला एकेक तास महाग पडतो.

म्हणून आधी डीव्हीआरचं घड्याळ बघा. पडद्यावरची वेळ आणि मोबाइलची नेटवर्क वेळ एकाच फोटोत घ्या आणि फरक पंचनाम्यात मिनिट-सेकंदासकट लिहा. आतली बटण-बॅटरी संपलेली असेल आणि वीज जाऊन आली असेल, तर घड्याळ २००० किंवा १९७० सालावर गेलेलं सापडतं. मग "रात्री ११चं फुटेज नाही" हे उत्तर खोटं असू शकतं. मशीन बंद केल्यावर हा फरक कळायचा मार्ग राहत नाही.

पासवर्डसाठी कॅमेरे बसवणाऱ्याला फोन लावाच, पण त्याच्या आधी मालकाचा मोबाइल बघायला मागा. अ‍ॅप बऱ्याचदा लॉगिन केलेलंच असतं. तिथून प्रसंग कुठल्या कॅमेऱ्यात, किती वाजता आहे ते कळतं. पुरावा म्हणून मात्र ती क्लिप घेऊ नका, अ‍ॅपवर अनेकदा सबस्ट्रीम, म्हणजे त्याच कॅमेऱ्याचं कमी दर्जाचं दुय्यम चित्रण येतं. अंदाजाने १२३४५ किंवा अ‍ॅडमिन टाकत बसू नका. ठरावीक चुका झाल्या की खातं लॉक होतं आणि ते प्रयत्न लॉगमध्ये उमटतात. कंपनीचा अधिकृत रिसेट मालकाच्या नावाने, सर्व्हिस सेंटरमार्फत आणि पंचांसमोरच करावा. त्यातही पडद्यावर डिस्क 'इनिशियलाइज' करू का असं आलं तर होकार देऊ नका, कुठलं रेकॉर्डिंग कुठे आहे ती अनुक्रमणिका पुसली जाते. काढलेली डिस्क विंडोजला जोडली की तेही फॉरमॅट करायला सांगतं, कारण डीव्हीआरची फाइल सिस्टिम त्याला ओळखता येत नाही.

मालक सहकार्य करत नसेल तर बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम ९४ खाली ठाणे प्रभारींचा लेखी आदेश द्या. जप्ती करायची तर कलम १०६ आहे, आणि कलम १०५ प्रमाणे जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण लागतं. पंचनाम्यात डीव्हीआरचा मेक, मॉडेल, सीरियल नंबर आणि चॅनेल लिहाच, पण डिस्कचा सीरियल नंबर वेगळा लिहा. हा सर्रास राहतो. प्रयोगशाळेत राइट-ब्लॉकर (डिस्कवर काही लिहू न देणारं उपकरण) लावून डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत काढतात आणि तपासणी त्या इमेजवर होते.

पासवर्ड मिळाला तर निर्यात मूळ फॉरमॅटमध्ये, प्लेअरसकट करा. एमपीफोर प्रत सोबत ठेवा, एकटी नको. पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीच्या वर एक फाइल बसत नाही, तुकडे पडले तर सगळे घेतलेत ना ते बघा. पडद्याचं मोबाइलने शूटिंग करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणं ही खोड सगळ्यात घातक: चित्र दाबलं जातं, हॅश (फाइलवरून काढलेला, तिच्या बोटाच्या ठशासारखा अंक-अक्षरांचा संकेत) बदलतो आणि नंबर प्लेट वाचता येत नाही. प्रत तयार झाल्याबरोबर तिचा एसएचए-२५६ पद्धतीचा हॅश काढून लिहून ठेवा.

कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र दोन भागांत लागतं, भाग अ प्रत देणाऱ्याचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत हॅशची जागा आहे. जालन्याच्या निवडणुकीच्या वादात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५बीच्या बाबतीत हे प्रमाणपत्र सक्तीचं ठरवलं. मूळ यंत्रच मालकाने साक्ष देऊन न्यायालयात हजर केलं तर ते लागत नाही. कुणी प्रमाणपत्र द्यायला नकार दिला तर न्यायालयाकडे अर्ज करता येतो. म्हणून सेक्रेटरीची सही त्याच दिवशी घ्या, महिन्याभराने कमिटी बदललेली असते.