मुका मार

ठाण्यात कोर्टनाक्याजवळ बसून मी वकिलांसाठी वैद्यकीय कागदांचं मराठी करून देते. गेल्या श्रावणात एका वकीलबाईंनी कळव्याच्या एका मावशींना माझ्याकडे पाठवलं. त्यांच्या हातात दाखल्याचं कुणीतरी आधी केलेलं भाषांतर होतं. एका ओळीत ‘जखम नाही’, पुढच्याच ओळीत ‘जखम गंभीर’. समोरच्या वकिलाने नेमकं तेच धरून ठेवलं होतं.

मावशींनी पदर सारून डावा हात टेबलावर ठेवला. प्लास्टरच्या वरच्या कडेला निळा डाग आता पिवळा पडत चालला होता.

“ताई, रगत नाय आलं म्हंजे लागलंच नाय का?”

मी मूळ इंग्रजी दाखला मागून घेतला. त्यात दोन वेगळे शब्द होते, ‘वूंड’ आणि ‘इंजुरी’. भाषांतरात दोन्हींची ‘जखम’ झाली होती. कातडी फाटली, चिरली, भोसकली गेली, तर वूंड. कातडी शाबूत राहून आत हाड मोडलं तरी ती इंजुरी असतेच. पुढे ‘कंट्यूजन’ लिहिलं होतं, म्हणजे आपला मुका मार. किती नेमका शब्द आहे हा! आणि एक्स-रेत अल्ना, करंगळीच्या बाजूचं हाड, मोडलेलं. काठी चुकवायला हात डोक्यावर आडवा धरला की फटका बहुतेक वेळा याच हाडावर बसतो. मी काही विचारलं नव्हतं, तरी मावशींनी उजवा हात तसाच वर धरून दाखवला.

हाड मोडलं की कायद्यात ती साधी दुखापत राहत नाही, ‘जबर दुखापत’ होते. जुन्या दंडसंहितेच्या कलम ३२० मध्ये हे होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्येही आहे. जाणूनबुजून केलेल्या साध्या दुखापतीला जास्तीत जास्त एक वर्ष कैद, जबर दुखापतीला सात वर्षांपर्यंत. कायद्यातली ‘इंजुरी’ तर याहूनही मोठी. शरीर, मन, लौकिक, मालमत्ता, सगळ्यांची हानी तिच्यात येते. तिथे मी ‘क्षती’ लिहिते. पण मावशींच्या दाखल्यात तो शब्द घातला असता तर मोडलेलं हाड त्यात हरवून गेलं असतं.

मी लिहिलं, ‘उघडी जखम नाही. डाव्या हाताला मुका मार, हाड मोडले आहे. दुखापत जबर स्वरूपाची.’ मग मोठ्याने वाचून दाखवलं.

“मुका मार,” मावशी म्हणाल्या. “परत वाच ना, ताई.”

मी परत वाचलं.