सर्व्हर घरात, पत्ता जुन्या घराचा

रविवार, रात्री उशिरा

सर्व्हर परत हाताला लागला. झोपायच्या आधी लिहून ठेवतो, कारण भाड्याच्या घरात राहणाऱ्याला पुढची वेळ असतेच आणि तेव्हा हे सगळं परत शोधत बसायचं नाहीये.

तर झालं असं की सिंहगड रोडचं घर सोडून बावधनला आलो, जुन्या इंटरनेटवाल्याची लाइन या सोसायटीत येत नाही म्हणून नवीन फायबर घेतलं आणि त्याच्याबरोबर नवीन राउटर आला. जुन्या घरचं नेटवर्क १९२.१६८.१ वालं होतं, याचं १९२.१६८.० वालं. बघायला गेलं तर एका आकड्याचा फरक, पण तेवढ्यावरच सगळं अडलं. माझा सर्व्हर म्हणजे ऑफिसातून निघालेला सेकंडहँड मिनी पीसी, तापकीर गल्लीतून घेतलेला, त्यावर प्रॉक्समॉक्स (एका मशीनच्या आत अनेक आभासी मशीन चालवणारी सिस्टीम) टाकलंय आणि त्याच्या आत चारपाच गोष्टी चालतात, घरचे फोटो, जाहिराती अडवणारं पाय-होल, घरातली स्मार्ट उपकरणं सांभाळणारं होम असिस्टंट, आणि एक डेबियन लिनक्सचा कंटेनर (हलकं आभासी मशीन) नुसता खेळायला. प्रॉक्समॉक्स इन्स्टॉल करताना तो राउटरकडून मिळालेला पत्ता उचलतो, फॉर्ममध्ये भरून दाखवतो आणि आपण पुढे-पुढे दाबत गेलो की तोच कायमचा स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, करून टाकतो. म्हणजे माझा १९२.१६८.१.५०, गेटवे (बाहेर जायचं दार, म्हणजे राउटर) १९२.१६८.१.१, आणि तो गेटवे आता खोक्यात पडलाय.

केबल लावली, बटण दाबलं, पंखा फिरला, लाइट लुकलुकले, आणि ब्राउझरमध्ये ८००६ पोर्टवर, जिथे प्रॉक्समॉक्सचं पान उघडतं, काहीच नाही. नुसतं गोल फिरतंय. बायको म्हणाली, "अरे फोटोंचं अॅप उघडत नाहीये, गेला का तुझा सर्व्हर?" म्हटलं गेला नाहीये, सापडत नाहीये. तिला हा फरक फारसा पटला नाही.

पण खरंच गेला नव्हता, आणि ते कळलं ते राउटरच्या यादीत. नव्या राउटरचं एक अर्धवट लॉगिन मिळालंय, त्यात कोण-कोण जोडलंय एवढं दिसतं. तिथे फोन, टीव्ही, लॅपटॉप, आणि दोन अनोळखी नावं, ज्यांचे मॅक अॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) बीसी:२४:११ ने सुरू होत होते. हा आकडा ओळखीचा आहे. प्रॉक्समॉक्सच्या ८.१ पासून तो आपल्या व्हर्च्युअल नेटवर्क कार्डांना हाच प्रीफिक्स देतो, कंपनीच्या नावावर नोंदवलेला आहे तो. म्हणजे होम असिस्टंट आणि तो डेबियनचा कंटेनर, दोघेही डीएचसीपीवर (राउटरने आपोआप पत्ता वाटायची पद्धत) असल्यामुळे, मस्तपैकी नवीन पत्ता घेऊन नेटवर्कवर हजर होते, आणि ज्या मशीनच्या पोटात ते चालतायत त्याचा यादीत पत्ताच नाही. भाडेकरूंची आधार कार्डं नव्या पत्त्यावर झाली आणि घरमालक अजून जुन्याच पत्त्यावर, असला प्रकार. पाच मिनिटं नुसता हसत होतो.

हे असं होतं कारण प्रॉक्समॉक्समध्ये खऱ्या लॅन कार्डाला स्वतःचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, नसतोच. ते कार्ड एका ब्रिजला जोडलेलं असतं, व्हीएमबीआर शून्य नावाच्या, आणि तो ब्रिज म्हणजे मशीनच्या आतला स्विच. आतले सगळे गेस्ट, म्हणजे आभासी मशीन आणि कंटेनर, त्यालाच लागलेले, त्यामुळे ते थेट घरच्या राउटरशी बोलतात, मधे होस्टला, म्हणजे खऱ्या मशीनला, विचारत नाहीत. होस्टचा आयपी त्या ब्रिजवर बसलेला असतो, आणि तो चुकीच्या गल्लीतला असला तरी ब्रिज आपलं काम करतच राहतो.

आता सोपा उपाय काय तर राउटरचंच नेटवर्क बदलून १९२.१६८.१ वालं करायचं, की सगळं आपोआप जाग्यावर. अर्ध्या मिनिटाचं काम. पण लॅनचं ते पान आपल्या लॉगिनला दिसतच नाही, आणि लाइन टाकायला आलेल्या पोराला फोन केला तर "सर ते अॅडमिन पासवर्ड आमच्याकडे नसतो, ऑफिसला असतो, ऑफिस सोमवारी." महिन्याचे पैसे मी भरतो, वीज माझी, भिंत मालकाची, आणि सेटिंग ऑफिसला. असो.

दुसरा उपाय, मॉनिटर जोडा. मिनी पीसीला फक्त डिस्प्ले पोर्ट आहे, टीव्हीला एचडीएमआय, आणि त्या दोघांना जोडणारी केबल पॅकर्सच्या कुठल्या खोक्यात आहे ते देवाला माहीत, खोक्यावर "स्वयंपाकघर" लिहिलेलं आहे आणि आत चपला निघतायत. ऑफिसात आमचं ईएसएक्सआय (व्हीएमवेअरचं असंच सॉफ्टवेअर) आहे, ते बरंय एका बाबतीत, पिवळ्या-करड्या स्क्रीनवर एफ२ दाबायचं आणि मॅनेजमेंट नेटवर्क बदलायचं, आणि मुळात ते डीएचसीपीवरच उठतं. पण तिथेही स्क्रीन लागतोच ना.

मग तिसरा. सर्व्हरला आपल्याकडे आणता येत नसेल तर आपण त्याच्याकडे जायचं. लॅपटॉपला आत्ता पत्ता आहे १९२.१६८.० मधला. त्याला १९२.१६८.१.५० कडे जा म्हटलं तर तो बघतो, हा आपल्या गल्लीतला नाही, म्हणून पॅकेट गेटवेला देतो, राउटर ते बाहेर इंटरनेटकडे ढकलतो आणि खासगी पत्ता असल्यामुळे ते तिथेच कुठेतरी मरतं. सर्व्हर एका हाताच्या अंतरावर, पॅकेट मात्र बावधनच्या बाहेर. पण राउटरच्या मागची चार पोर्टं म्हणजे शेवटी साधा स्विच, त्याला आयपीशी देणंघेणं नसतं, तो फक्त मॅक अॅड्रेस बघतो. तेव्हा लॅपटॉपच्या लॅन पोर्टला एक जास्तीचा आयपी द्यायचा, १९२.१६८.१.९९, चोवीसचा मास्क (म्हणजे पहिले तीन आकडे सारखे तो आपल्याच गल्लीतला), गेटवे काही नाही. लिनक्सवर एका ओळीची कमांड आहे, जुना आयपी तसाच राहतो त्यामुळे इंटरनेटही चालू, आणि रीस्टार्ट केलं की तो जास्तीचा गायब. आता लॅपटॉपला वाटतं ५० नंबरवाला आपलाच शेजारी आहे, तो राउटरला न विचारता थेट हाक मारतो की हा आयपी कुणाचा, आणि सर्व्हर म्हणतो माझा.

पिंग मारलं, म्हणजे आहेस का विचारलं, उत्तर आलं, १ मिलीसेकंदाच्या आत. तेच ८००६ चं पान, तोच सर्टिफिकेटवरचा लाल इशारा, तोच लॉगिन. सगळे गेस्ट हिरवे. बायकोला ओरडून सांगितलं, ती तोवर झोपलेली.

इथून पुढे घाई करायची नाही. नेटवर्कच्या पानावर जाऊन ब्रिजचा आयपी बदलला की झालं असं वाटतं, पण पत्ता अजून दोन ठिकाणी लिहिलेला असतो. एक म्हणजे होस्ट्स फाइल. सर्व्हर स्वतःच्या नावाचा आयपी तिथे वाचतो, आणि मॉनिटर लावल्यावर जे "या पत्त्यावर ब्राउझर उघडा" असं लिहून येतं ना तेही तिथूनच येतं, त्यामुळे नेटवर्क बदलून होस्ट्स विसरलं तर स्क्रीन आरामात जुना पत्ता दाखवत राहतो आणि माणूस म्हणतो बदललंच नाही. ती ओळ उडवून टाकली तर त्याहून वाईट, नाव कुठल्याच खऱ्या आयपीला लागलं नाही तर इटीसी-पीव्हीई फोल्डर उभं करणारी सर्व्हिसच सुरू होत नाही, आणि सगळ्या व्हीएमच्या (आभासी मशीनच्या) कॉन्फिग फाइल्स त्या फोल्डरमध्ये. फोल्डर रिकामं दिसतं, लोक घाबरतात आणि अख्खा सर्व्हर नव्याने इन्स्टॉल करतात. कुणी नेटवर्क बदललं म्हटलं की पहिला सल्ला "री-इन्स्टॉल कर" असाच मिळतो, मला त्याचा फार राग आहे. डिस्क जाग्यावर असतात, कॉन्फिगही एका छोट्या डेटाबेस फाइलमध्ये सुखरूप असतात, फक्त एक ओळ दुरुस्त करायची असते.

दुसरं ठिकाण डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावाचा आयपी सांगणारा. माझ्या होस्टचा डीएनएस म्हणजे त्याच्याच पोटातलं पाय-होल, तेही जुन्या पत्त्यावर. तात्पुरता राउटरचा दिला.

मग क्रम असा ठेवला, आधी होस्ट्स, मग डीएनएस, मग फोटोंच्या आणि पाय-होलच्या कंटेनरचे आयपी (एलएक्ससी कंटेनरचा आयपी बाहेरून प्रॉक्समॉक्सच्या पानावरच बदलता येतो, व्हीएम असता तर कन्सोल उघडून आत शिरावं लागलं असतं), आणि सगळ्यात शेवटी ब्रिज, १९२.१६८.०.५०, गेटवे १९२.१६८.०.१. राउटरचा डीएचसीपी १०० पासून पुढे वाटतो तेव्हा ५० ला धोका नाही. हा शेवटचा बदल लगेच लागू होत नाही, बाजूला एका नव्या फाइलमध्ये थांबून राहतो आणि अप्लाय दाबलं की अंगावर येतो. दाबलं. पान थिजलं, थिजणारच, ज्या पत्त्यावर उभा होतो तोच काढून घेतला. नवीन टॅबमध्ये नवीन पत्ता टाकला आणि लॉगिन आलं.

दुपारी एका मित्राने सांगितलं होतं की हे सगळं डीएचसीपीवर टाकून मोकळा हो. मला नाही पटत. होम असिस्टंट ठीक आहे, पण ज्याच्या भरवशावर बाकीचे उभे आहेत त्याचा पत्ता राउटरच्या मर्जीवर कशाला, शिवाय होस्ट्स फाइल हातानेच बदलावी लागणार. आणि होस्टवर टेलस्केल (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये शिरायची सोय) असून काय उपयोग झाला? काहीच नाही, त्याला बाहेर पडायलाच गेटवे लागतो आणि गेटवे खोक्यात.

त्यापेक्षा एक वेगळी गोष्ट करून ठेवली. ब्रिजला आयपीव्ही६ चा (नव्या पद्धतीच्या आयपीचा) एक लिंक-लोकल, म्हणजे घरच्या नेटवर्कपुरताच चालणारा, पत्ता आपोआप असतो, एफई८० ने सुरू होणारा. तो कुठल्या राउटरकडून येत नाही त्यामुळे राउटर बदलला तरी बदलत नाही. लॅपटॉपची केबल थेट सर्व्हरमध्ये खुपसून त्या पत्त्यावर एसएसएच (दुरून कमांड द्यायची सोय) करून बघितलं, मागे टक्केवारीचं चिन्ह आणि आपल्या पोर्टचं नाव लावावं लागतं, नाहीतर त्याला कळत नाही कुठल्या दारातून जायचं. आत गेलो. तो लांबलचक पत्ता मास्किंग टेपवर लिहून मशीनच्या पोटाखाली चिकटवलाय, आठ आणि बी वेगळे दिसतील असा.

बायकोच्या फोनमधल्या अॅपमध्ये नवीन पत्ता टाकायचा राहिलाय. गीझरचा स्मार्ट प्लग अजून जुन्या वायफायचं नाव शोधतोय, त्याच्यासाठी नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड देऊन बघतो, तेवढं पान तरी आपल्या लॉगिनला उघडतं. सकाळी गरम पाणी लागणार आहे, तेव्हा ते आत्ताच करतो.